माळ्यावरच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर: कोल्हापुरातलं एक ओळख-प्रकरण

शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूला उतरत गेलेल्या गल्लीतला जुना दुमजली वाडा. पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. २०१९ च्या पुरात ती तळमजल्यावर होती आणि पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर कुणीतरी ती न उघडताच वर टाकून दिली. आत भिजून वाळलेला खाकी गणवेश, कागदांचा लगदा, कॅनव्हासचं म्यान आणि म्यानात गाळ-गंजाने माखलेलं एक रिव्हॉल्व्हर. शेजारी पाच सुटी काडतुसं, पितळ हिरवं पडलेली.

घरात लगेच मतं झाली. थोरले काका म्हणाले, शाहू महाराजांनी पणजोबांना बक्षीस दिलेलं. धाकट्या काकांच्या मते आजोबा महायुद्धात पलटणीत होते, त्यांचं. जावईबापूंनी मोबाइलवर फोटो ताडून पाहिला आणि 'वेब्ले, .३२' असं जाहीर केलं, म्हणजे वेब्ले या ब्रिटिश कारखान्याचं, .३२ इंची बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप). दोन गोष्टींवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: 'घोड्याचं शेपूट (घोडा अंगठ्याने मागे ओढायचं टोक) मोडलंय, म्हणजे बाद आहे' आणि 'एवढं जुनं आहे, त्याला परवाना कशाला लागतोय?' यातलं एकच विधान शेवटपर्यंत टिकलं, तेही अर्धंच.

हात लावण्याआधी

सहा घरांचं (काडतूस बसायच्या भोकांचं) चक्र आणि सुटी काडतुसं पाच. मग सहावं कुठे, हा पहिला प्रश्न. उत्तर चक्रातच असण्याची शक्यता धरून चालायचं. पाहायचं ते बाजूने: चक्राची मागची कड आणि फ्रेम यांच्यामध्ये बारीक फट असते, काडतूस असेल तर तिथे त्याची पितळी रिम दिसते. समोरून घरांत डोकावायचं नाही. या ठिकाणी फटीत गाळ बसला होता, पण एका जागी हिरवट कड दिसत होती. हत्यार भरलेलं होतं.

नातवाने चाप, घोडा, खटका यांना हात न लावता होतं त्या स्थितीत मोबाइलवर दोन फोटो काढले, खोलीला कुलूप घातलं आणि पोलीस ठाण्याला फोन केला. इथे बरेच जण चुकतात: चांगल्या हेतूने हत्यार पिशवीत घालतात आणि मोटरसायकलच्या डिकीतून स्वतःच ठाण्यात घेऊन जातात. परवान्याशिवाय शस्त्र बाळगून रस्त्याने जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि वाटेत नाकाबंदी लागली तर हेतू सांगत बसावं लागतं. पोलिसांना घरी बोलवायचं आणि पंचनामा जागेवरच होऊ द्यायचा.

फोनची वेळ ठाण्याच्या नोंदीत येते, तिला मोठी किंमत आहे. शस्त्र 'ताब्यात' असणं म्हणजे ते आहे याची जाणीव असणं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. बंद ट्रंकेत काय आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, तोवरची गोष्ट वेगळी. ट्रंक उघडली त्या क्षणापासून जाणीव आली. ट्रंक उघडणं आणि फोन करणं यात जितकं कमी अंतर, तितकं बरं. चार दिवस 'बघू, करू' म्हणत ते कपाटात ठेवलं असतं, तर त्या चार दिवसांचा खुलासा करावा लागला असता.

उघडणं

पुढची तपासणी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात, आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हातून झाली. नळीचं तोंड वाळूच्या बादलीकडे ठेवून सांध्यांत गंज सोडवणारं तेल घातलं आणि रात्रभर मुरू दिलं. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली झुकते आणि मधली चांदणी काडतुसं वर उचलते, अशी ही रचना आहे. गाळ वाळून बसला असेल तर खटका हलत नाही, आणि जोर केला तर त्याची स्प्रिंग किंवा आकडा तुटतो. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पण काडतूस चांदणीबरोबर वर आलं नाही. पितळेचा गंज घराच्या भिंतीला धरून बसला होता. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. अशा वेळी मागून ठोकायचं नाही, कारण आघाताने पेटणारी टोपी मागेच असते. आणि तापवायचं तर नाहीच. ते निघालं तेव्हा सहाही काडतुसं वेगळ्या डब्यात सील झाली. बुडावर खडकीच्या कारखान्याची 'के. एफ.' ही अक्षरं आणि '.३८०' एवढं वाचता आलं.

काडतुसाच्या बुडावर बोअर लिहिलेलं आहे म्हणजे काम संपलं, असं नाही. ट्रंकेत एका हत्याराची काडतुसं आणि दुसरंच हत्यार असं सर्रास सापडतं, आणि चुकीचं काडतूसही चक्राच्या घरात बसून राहू शकतं. म्हणून मोजमाप स्वतंत्रपणेच करायचं.

मोजमाप

सगळ्यात आधी रचना. नळी झुकून उघडते, चक्र बाजूला निघत नाही. एवढ्यावर स्मिथ अँड वेसनचं युद्धकाळातलं 'व्हिक्टरी' आणि सगळी कोल्ट बाद झाली. दोन्हींची नळी अशी झुकून उघडत नाही. युद्धात 'व्हिक्टरी' मोठ्या संख्येने राष्ट्रकुलाच्या सैन्यांना मिळाली होती, त्यामुळे ती शक्यता आधी निकालात काढणं गरजेचं होतं. उरली वेब्ले, एन्फील्ड, त्यांच्या बेल्जियन-स्पॅनिश नकला आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२. हे कानपुरी रिव्हॉल्व्हर वेब्लेच्याच आराखड्यावरचं आहे. जावईबापूंचा '.३२' बहुधा तिथूनच आला.

लांबी २६० मि.मी. नळी १२७ मि.मी., म्हणजे पाच इंच. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना तोंडापासून चक्राच्या पुढच्या कडेपर्यंतच मोजतात, चक्र त्यात धरत नाहीत. पंचनाम्यांत नळीची लांबी दीड इंचाने जास्त आलेली दिसते, ती याच कारणाने. वेब्लेचं पहिल्या महायुद्धातलं .४५५ मार्क ६ यापेक्षा ठळकपणे मोठं असतं: सहा इंची नळी, सुमारे २८६ मि.मी. लांबी आणि वजन किलोच्या वर. तेही बाद.

बोअरवर मात्र गोंधळ झाला. ठाण्यात कुणीतरी नळीच्या तोंडाला व्हर्नियर लावून ९ मि.मी.च्या आसपास आकडा काढला आणि कच्च्या कागदावर '९ एम.एम.' लिहिलं. तोंडाशी मोजून इथे फसगत होतेच. या नळीत सात आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, आहेत. आटे विषम संख्येत असले की एका खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. व्हर्नियरचा एक जबडा खाचेत आणि दुसरा उंचवट्यावर बसतो, आणि मिळणारा आकडा कुठलाच नसतो. त्यात तोंडाची कड गंजाने खाल्लेली.

खरं माप चक्राच्या घराचं. घराची मागची बाजू तेलाच्या फडक्याने आणि पितळी ब्रशने साफ केल्यावर आतला व्यास ९.८ ते ९.९ मि.मी. आला. .३२ लाँगच्या काडतुसाची केस (पितळी नळकांडं) बुडाशी साधारण ८.६ मि.मी. असते, .४५५ ची १२.२, .३८ स्पेशलची ९.६ आणि .३८० सर्व्हिसची ९.८. स्पेशल आणि सर्व्हिस यांच्यात फरक फक्त ०.२ मि.मी.चा, गंजाचा एक थर तो गिळून टाकतो. म्हणून व्यासावर न थांबता खोली पाहिली. घरात एक पायरी असते, केसचं तोंड तिथे टेकतं. .३८ स्पेशलची केस २९.३ मि.मी. लांब, .३८० ची १९.७. इथे पायरी २० मि.मी.च्या आतबाहेर लागली. दहा मि.मी.चा हा फरक कुठलाही गंज लपवू शकत नाही. बोअर .३८० ठरलं आणि '९ एम.एम.' खोडून निघालं.

आटे मोजताना हत्यार उघडं आणि रिकामं ठेवून मागून पाहिलं: सात, उजवीकडे वळणारे. वेब्ले आणि एन्फील्ड दोघांचं हेच आहे. कोल्टचे सहा आणि डावीकडे, स्मिथ अँड वेसनचे पाच आणि उजवीकडे.

घोड्याचं शेपूट

आता वेब्ले की एन्फील्ड. दिसायला दोघं सख्खे भाऊ, आणि त्यामागे भांडणही आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याला .४५५ पेक्षा हलकं हत्यार हवं होतं. वेब्लेने .३८ चा नमुना दिला, सरकारने त्यावरून स्वतःच्या एन्फील्डच्या कारखान्यात फेरफार केलेलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि १९३२ मध्ये 'नंबर २ मार्क १' म्हणून स्वीकारलं. वेब्लेने २,२५० पौंडांचा दावा लावला; शेवटी १,२५० पौंड पदरात पडले. पुढे युद्धात एन्फील्ड कमी पडू लागली, तेव्हा सैन्याने वेब्लेची .३८ मार्क ४ सुद्धा घेतलीच.

फरक पाहायचे ते असे. एन्फील्डच्या फ्रेमला यंत्रावरचं एक निघणारं झाकण असतं, वेब्लेला नसतं. वेब्ले मार्क ४ च्या वरच्या पट्टीवर 'मार्क ४ .३८ १४५/२००' असा ठसा असतो. १४५ आणि २०० हे गोळीचे ग्रेनमधले वजन. युद्धकाळातल्या तुकड्यांवर 'वॉर फिनिश' हेही असतं. या हत्यारावर झाकण होतं आणि वरची पट्टी कोरी होती.

आणि घोडा. मोडलेल्या घोड्यावर तुटीची खरबरीत कड दिसते. इथे मागची बाजू यंत्रावर गोल केलेली, गुळगुळीत. शिवाय घोडा मागे ओढून अडकतच नव्हता, कारण अडकायची खाचच नाही. ही मोडतोड नव्हे, ही जात आहे: मार्क १ स्टार, १९३८ मध्ये आलेली. रणगाड्याच्या आत घोड्याचं शेपूट अडकतं म्हणून ते काढून टाकलं आणि फक्त चाप ओढून झाडायचं हत्यार केलं, अशी त्यामागची सर्वसाधारण समजूत आहे. 'बाद झालंय' या घरच्या खात्रीचा पायाच इथे गेला. ते बाद नव्हतं.

मार्क १ दोन-स्टार हाही एक प्रकार आहे. १९४२ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी त्यातला घोड्याचा सुरक्षा-अडथळाच गाळला गेला. असं हत्यार भरलेलं असताना खाली पडलं तर झडू शकतं, म्हणून युद्धानंतर ती परत मागवून अडथळा बसवला गेला. कुठल्याही घरी सापडलेल्या एन्फील्डला तो अडथळा असेलच असं गृहीत धरू नये. इथे तो होता.

ठसे वाचणं

फ्रेमच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली 'एन्फील्ड', प्रकार आणि वर्ष, असा मजकूर असायला हवा. तिथे गंजाची पापडी होती. घरच्यांनी दोन उपाय सुचवले: पॉलिश पेपर, आणि तांब्या-पितळेला लावतात तशी चिंच. दोन्ही घातक. ठशाची खोली मि.मी.च्या अंशात असते. पॉलिश पेपर गंजाआधी ठशाची कड उतरवतो, आणि आम्ल ठशाच्या तळाशी शिरून अक्षरं फुगीर करतं. आणि हे नुसतं संग्राहकाचं दुःख नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं हा गुन्हा आहे, आणि खूण पुसलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असं गृहीत धरलं जातं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. साफसफाईच्या नादात माणूस स्वतःवरच जास्तीचं कलम ओढवून घेतो.

आर्मररने तेल आणि सगळ्यात बारीक, चार-शून्यी स्टील वूल वापरलं, तेही फक्त ठशाच्या जागी, न दाबता. मग खोली अंधारी करून टॉर्च अगदी पृष्ठभागालगत आडवी धरली. उजेड चारही बाजूंनी आळीपाळीने टाकून प्रत्येक वेळी फोटो घेतला. समोरून पडणाऱ्या उजेडात जे सपाट दिसतं, ते आडव्या उजेडात सावलीने वाचता येतं. 'एन्फील्ड', 'नं. २', 'मार्क १' आणि त्यापुढे चांदणी, म्हणजे 'स्टार'ची खूण. वर्ष १९३ पर्यंत स्पष्ट, शेवटचा आकडा ६ की ८ याचा वाद.

चांदणीने वाद मिटवायला मदत केली. ती ओळीत नव्हती, किंचित वर आणि तिरकी, बाकीच्या अक्षरांपेक्षा उथळ. ती नंतर मारलेली आहे. मूळची शेपटीवाली मार्क १ दुरुस्तीला आली की तिला मार्क १ स्टार करून परत पाठवत. शेपटीवाली जुनी हत्यारं आज कमी दिसतात ती त्यामुळेच. डाव्या बाजूने उजेड टाकलेल्या फोटोत शेवटच्या आकड्याचं वरचं तोंड उघडं दिसलं. १९३६. बनवलं १९३६ ला, घोडा बदलला १९३८ नंतर.

फ्रेम, नळी आणि चक्र यांवरचे क्रमांक जुळले. मुठीच्या उजव्या बाजूला पितळेची चकती होती. तिच्यावर पलटणीची खूण मारत, पण ही कोरी निघाली. शस्त्राच्या ओळखीत याहून निराशाजनक क्षण क्वचितच येतो.

घरची गोष्ट आणि पोलादाची गोष्ट

शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. १९३२ आधी हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. थोरल्या काकांची गोष्ट तिथे संपते. राजाराम महाराजांचं नाव घालून ती वाचवायचा प्रयत्न झाला. तारखेच्या हिशेबाने ते शक्यही होतं, पण फ्रेमवर सरकारी मालकीचा बाण आहे. बक्षिसाची हत्यारं व्यापाऱ्याकडून यायची, मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या, आणि त्यांवर बहुधा विक्रेत्याचं नाव असायचं. (हे नाव कारखान्याचं समजून पुष्कळ जण फसतात.) त्यांवर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीगृहाचे व्यापारी शिक्केही असत. इथे फक्त लष्करी चाचणीचा शिक्का होता: मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि एकमेकांना छेदणारे ध्वज.

सरकारी मालमत्ता विकून टाकली की ब्रिटनमध्ये मूळ बाणाला टोकाला टोक लावून दुसरा बाण मारत. तो इथे नाही. याचा अर्थ चोरीचं असा लगेच करू नये. भारतातच राहिलेल्या हत्यारावर ब्रिटनमधल्या विक्रीचा शिक्का यायचं कारणच नव्हतं. पण कायदेशीर हस्तांतराचा पुरावा हत्यारावर नाही, एवढं नक्की. धाकट्या काकांचा 'महायुद्ध' हा अंदाज काळाशी जुळतो. आजोबांच्या हाती ते कसं आलं, हे पोलाद सांगू शकत नाही. ते सांगू शकले असते असे कागद पुरात गेले.

जिल्हाधिकारी कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत आजोबांच्या नावाने नोंद शोधली. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि सध्याचा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, त्यामुळे नोंदी पाहताना दोन्ही टप्पे ध्यानात ठेवावे लागतात. नोंद मिळाली, पण एका बारा बोअरच्या बंदुकीची. रिव्हॉल्व्हरचा उल्लेख कुठेच नाही.

बोअरने लावलेला निकाल

मोजमापाला इतका वेळ का दिला, ते इथे कळतं. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत .३८० किंवा .४५५ ची रिमवाली काडतुसं अथवा सर्व्हिस ९ मि.मी. झाडू शकणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. हत्यार सैन्याचं होतं की हौशी माणसाचं, हे तिथे विचारलेलं नाही. चक्राच्या घरात कोणतं काडतूस बसतं, एवढंच पाहिलं जातं. म्हणून वेब्लेचं लहानसं खिशातलं .३८ सुद्धा, ते तेच काडतूस घेत असल्याने, याच रकान्यात जातं. जावईबापूंचं .३२ खरं ठरलं असतं तर प्रकरण अप्रतिबंधित बोअरचं झालं असतं आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सुटलं असतं. प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं शस्त्र बेकायदा बाळगल्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं.

वारसाने परवाना मागण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे, पण ती परवान्यावरच्या शस्त्राची. आजोबांच्या परवान्यावर जे नव्हतंच, त्याचा वारसा कसला? तो दरवाजा बंद.

राहिला वयाचा मुद्दा. अमेरिकेत १८९८ पर्यंतची शस्त्रं बहुतांशी कायद्याबाहेर आहेत. इंटरनेटवरून ती समजूत इकडे आली आणि तिची 'शंभर वर्षं' झाली. भारतीय कायद्यात असा वयाचा आकडा नाही. कलम ४५ जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तूचं मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देतं, पण ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय, कसंही झाडता येऊ नये अशी अट घालून. या एन्फील्डच्या नळीत गंजाचे खड्डे आहेत, पण पिन घोड्यावर शाबूत आहे आणि चक्र फिरतं. सूट बसत नाही.

मग उद्यमनगरात एखाद्या ओळखीच्या टर्नरकडून पिन घासून, नळी वेल्ड करून 'शोपीस' करून घ्यावं, असाही विचार पुढे आला. कोल्हापुरात हा सल्ला हमखास मिळतो, कारण असं काम करू शकणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार कलम ५ खाली येतो. घरच्यांबरोबर तो टर्नरही अडकला असता.

हत्यार कायमचं जमा करायचं, असा अर्ज घरच्यांनी दिला. संग्रहालयात ठेवता आलं तर ठेवावं अशी विनंती जोडून. ते पूर्णपणे प्रशासनाच्या हाती आहे. काडतुसं नष्ट करण्यासाठी वेगळी गेली आणि हत्यार अभिप्रायासाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक्स विभागाकडे.

पावतीचा पहिला मसुदा होता: 'एक जुने गंजलेले रिव्हॉल्व्हर, मोडके'. घरच्यांनी तो बदलून घेतला आणि बरं केलं. पावतीवर कारखाना, प्रकार, वर्ष, बोअर, घराच्या मापासकट, तिन्ही भागांवरचे क्रमांक, उघडताना चक्रात मिळालेलं एक आणि सुटी पाच अशी काडतुसांची वेगवेगळी संख्या, आणि घोड्याबद्दल 'मोडका नव्हे, मार्क १ स्टारच्या रचनेप्रमाणे शेपटीविना' असे शब्द आले. आडव्या उजेडातल्या फोटोंच्या प्रती सही-शिक्क्यासह जोडल्या. 'मोडके' हा शब्द तसाच राहिला असता, तर प्रयोगशाळेचा 'झाडण्यायोग्य' असा अभिप्राय आल्यावर मधल्या काळात ते कुणी दुरुस्त केलं, हा प्रश्न उभा राहिला असता.